घड्याळाशेजारचं निळं चित्र

फ्रँकफर्टच्या एस-बान लोकलमध्ये समोरच्या माणसाने फोन सरळ स्पीकरवर टाकला होता. डब्यात कुणाला मराठी येत नसणार, असं त्याने गृहीत धरलं असावं.

“बाबा, निघालं का कॉम्प्युटरवरून ते जुनं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर?”

“नाही रे उल्हास, अर्ध्यावर अडकलंय. आधी प्रोग्रॅम बंद करा म्हणतं.”

“म्हणजे मागे चालू असणार. स्क्रीनवर खाली घड्याळाशेजारी निळं चित्र दिसतंय?”

“ते असतंच तिथे. दर रविवारी संध्याकाळी सहाला मी उघडून ठेवतो.”

“कशाला? आपण तीन वर्षं मोबाईलवरच बोलतोय ना!”

“मोबाईलवर तू चालता चालता बोलतोस. ह्यावर बसून बोलायचास.”

“…बाबा, त्या चित्रावर राइट क्लिक करा. मग ‘बंद करा’ दाबा.”

“दाबतो. त्याआधी एकदा ह्यावर फोन करतोस का? शेवटचा?”

“माझ्याकडे नाहीये ते आता. मी कधीच काढलं.”

“हो का? तुझं नाही अडकलं?”

“नाही, बाबा. एका मिनिटात निघालं.”