ह्यांचं नाव, भर सभेत

…आणि आमटीत आमसुलाऐवजी चिंच-गूळ घालून बघावा, हेसुद्धा म्हणे कालिंदीताईंनीच सुचवलं. आता तुम्हीच सांगा, हे मी सुचवलं असतं तर काय झालं असतं? 'हं.' बस्स, तेवढंच. 'हं' म्हणून पुढचा घास. पण कालिंदीताईंनी सुचवलं की घास हातातल्या हातात राहतो, नजर वर तुळईला लागते आणि आमचे हे म्हणतात, "काय विचार करते गं ही मुलगी." गावाचा विचार करते, देशाचा करते, आता आमच्या आमटीचाही करायला लागली. माझं काही म्हणणं नाही.

मी आपली गेल्या वैशाखात महाडाहून पोलादपुरात आलेली सून. मराठी सहावी झालेली, पण तोंड मिटून सहावी झालेली. वर्गात गुरुजींनी विचारलं तरी मी पाटीवर लिहून दाखवायची. सासूबाईसुद्धा शेजारणींना कौतुकानं सांगतात, "आमची सून घरात हाय का नाय, कळत नाय गो." कौतुकच आहे ते, असं मी धरून चालते.

आणि ह्यांचं म्हणाल, तर बाजारात आमचं किराणा दुकान, पण हे दुकानात कमी आणि 'तरुण सेवा संघा'त जास्त. ह्यांनीच काढला तो संघ. अठ्ठावीस तरुण, एक सतरंजी, एक पेटी आणि कालिंदी. कालिंदी म्हणजे नव्या हेडमास्तरांची मुलगी, पुण्याची, मॅट्रिक झालेली, मनगटावर घड्याळ, पायात चपला. संघाचं इतिवृत्त तीच लिहिते. दर रविवारी पहाटे संघ गावातले रस्ते झाडतो. आमचे हे, तुम्हाला सांगते, घरात जेवल्यावर स्वतःचा पाट उचलून भिंतीशी ठेवत नाहीत, मीठ कुठल्या बरणीत ते ह्यांना ठाऊक नाही, आणि कासाराच्या आळीपासून नदीपर्यंत खराटा मारतात, असा मारतात की मागे रेघोट्या उमटतात. शेजारच्या रेघोट्या कालिंदीच्या. सकाळी पाण्याला जाताना मला दिसतात ना. दोन माणसांच्या जोडीनं काढलेल्या, अगदी एकसारख्या, वळणावर एकत्र वळलेल्या. मी पाय जपून टाकते, मोडायला नकोत. माझं काही म्हणणं नाही.

आता एक सांगून ठेवते. ह्यांचं नाव मला घेता येत नाही, म्हणून नावाच्या जागी मी 'अमुक' म्हणेन, तुम्ही समजून घ्या. देवाचं नाव आहे. आमच्या गावात दर तिसऱ्या घरात ह्याच नावाचा एक पुरुष निघतो, त्यामुळे दर तिसऱ्या घरातल्या सुनेला ते घेता येत नाही. कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या सासऱ्याचं, कुणाच्या थोरल्या दिराचं. बायका देवळात आरतीला उभ्या राहिल्या आणि त्या शब्दाशी आल्या की नुसते ओठ मिटतात, आरतीत भोक पडतं आणि पुढं चालू.

आणि कालिंदी? "अमुकभाऊ, हे बघा." "अमुकभाऊ, ते ऐका." "अमुकभाऊ, ठराव वाचू का?" उठता अमुकभाऊ, बसता अमुकभाऊ. माझ्या नवऱ्याचं नाव, जे मी लग्नात एकदा उखाण्यात घेतलं आणि तेव्हापासून देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखं ठेवलंय, ते ती दिवसातून पन्नास वेळा पेरूच्या फोडीसारखं चावते. हेवा वाटतो का म्हणून विचारता? छे… हो, वाटतो. पण ती ह्यांच्याशी बोलते म्हणून नव्हे हो फारसा. ती बोलते, म्हणून.

तर झालं काय, संघाचा अध्यक्ष निवडायची वेळ आली. एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला रावजी, मोठ्या घरचा, मिशीवाला, दंड फुगवून चालणारा. रावजीचं म्हणणं, जमलेल्या वर्गणीतून आणि तरुणांच्या अंगमेहनतीतून तालीम बांधावी, आखाडा करावा. ह्यांचं म्हणणं, ओढ्यावर साकव घालावा, मृगाच्या आत. आमच्या आळीच्या मागं ओढा आहे, पलीकडं सगळ्यांची भाताची खाचरं, आणि पावसाळ्यात तो ओलांडायचा तर पदर खोचून, डोक्यावर टोपली, पायाखाली शेवाळ. गेल्या आषाढात तुळसाची टोपली वाहून गेली आणि टोपलीमागं तुळसाही निघाली होती, ती करंजाच्या फांदीला धरून राहिली म्हणून आज आहे. तेव्हा बायकांना काय हवं ते सांगायला नको. आखाड्यात आम्ही काय करणार आहोत?

आमच्याच अंगणात पुरुषांनी हात वर केले. चौदा इकडं, चौदा तिकडं. बसा आता. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, "मग बायकांना विचारा." सगळे हसले. कालिंदी हसली नाही. तिनं लगेच ठराव लिहिला. संघाच्या कामाला ज्या ज्या घरून बाई आली, त्या घरच्या सगळ्या बायका मत देणार. आणि हात वर करायचा नाही, प्रत्येकीनं उभं राहून स्वतःच्या तोंडानं उमेदवाराचं नाव सांगायचं. का? तर बायकांचा संकोच जावा म्हणून. ह्यांनी तर टाळी वाजवली. "काय सुचतं हो तुम्हाला." मी पडवीत तांदूळ निवडत होते. मला तेव्हाच कळलं काय होणार ते, पण मला कोण विचारतंय? माझं काही म्हणणं नाही.

आदल्या दिवशी हे सासूबाईंना म्हणाले, "आई, हरलो तर संघ सोडतो. दुकानात बसतो. उगाच दोन्हीकडं हात नको." सासूबाई म्हणाल्या, "बस रे बाबा, सोन्यासारखा बस." आणि मी, तुम्हाला खरं सांगते, मी चुलीपुढं होते, माझ्या मनात एकदम दुकान उभं राहिलं. संध्याकाळी सहाला फळ्या लागतायत. हे घरी येतायत. पाय धुतायत. मी काहीतरी बोलतेय आणि हे 'हं' म्हणत नाहीयेत… साकव माझ्या मनातून वाहून गेला हो. तुळसाच्या टोपलीसकट गेला.

शाळेच्या वर्गात सभा भरली. बायका आत, पुरुष बाहेर अंगणात, कान आत लावून. टेबलाशी कालिंदी वही घेऊन, आणि रावजीच्या बाजूनं लक्ष ठेवायला पांडू, मुंबईला गिरणीत असतो, रजेवर आलेला. त्याचं सारखं चाललेलं, "टाइम खोटी करू नका, लाइनीत या, एकदम शिस्तमधी."

पहिली बनुबाई. विधवा बाई, तिच्या सासरी कुणी अमुक नव्हता, फटकन नाव घेऊन बसली. ह्यांना एक. कालिंदी खूश. मग ठकूबाई उभी राहिली. उभीच राहिली.

"बोला ठकूबाई."

"आमच्या मामंजींच्या नावाचा तो," ठकूबाई पदराआडून.

"नाव सांगा ना."

"तेच सांगत्ये गो. मामंजींचं नाव नि त्याचं नाव येकच हाय."

"पण मामंजींचं नाव काय?"

ठकूबाईनं असं पाहिलं कालिंदीकडं, की पुण्यात मुलींना हेच शिकवतात का. "मी कशी सांगू गो, त्यांना जाऊन विचार."

"ते कुठं आहेत?"

"वारले."

पांडू म्हणाला, "नाव नाय तर मत नाय. रूल हाय." आणि रूल तर कालिंदीनंच केलेला, तिच्याच अक्षरात. ती ओठ चावत म्हणाली, "ठकूबाई, उखाण्यात तरी घ्या." तर ठकूबाई म्हणाली, "सासऱ्याचा उखाणा कोण घेतं गो? उद्या सांगशील दिराचा घे." पांडू गुरगुरला, "मग रावजी तरी म्हणा, काहीतरी म्हणा." ठकूबाईचा चेहरा उजळला. "रावजी म्हणता येतंय की मला. रावजी, रावजी." पांडूनं कालिंदीच्या वहीवर बोट ठेवलं. "लिवा. तीन वेळा बोलली."

तुळसा आली. तीच ती, टोपलीवाली. तिच्या थोरल्या दिराचं नाव अमुक. ती साकवासाठी जीव टाकायला तयार होती, नाव टाकायला नव्हती. "त्या दुकानवाल्यांचा, सावळासा, चालताना डावा खांदा पाडतो तो," तिनं इतकं वर्णन केलं की बाहेर हे खांदा सरळ करताना मला खिडकीतून दिसले. कालिंदी अगदी रडकुंडीला. "तुळसाबाई, नियमात नाव आहे, वर्णन नाही." तुळसा म्हणाली, "मग तू नियमच का नाय ओढ्यात टाकत?" तिचं मत बाद.

मग आमच्या सासूबाई उठल्या. आता वाटलं, आई आहे, मुलाचं नाव घ्यायला हिला काय अडचण. पण ह्यांचं नाव ठेवलंय आजोबांचं, म्हणजे सासूबाईंच्या सासऱ्यांचं. सव्वीस वर्षांत पोटच्या मुलाला ह्या बाईनं एकदाही नावानं हाक मारलेली नाही. "माझं मत आमच्या बाळाला."

"बाळ नावाचा कुणी उभा नाही हो काकू."

"नाय कसा? मीच तर जन्म दिलाय."

बाहेर अंगणात हशा पिकला. सासूबाई तणतणत खाली बसल्या, मत बाद. मग रावजीची आई उठली, ती मात्र लेकाचं नाव असं खणखणीत बोलली की पारव्यांचा थवा उडाला. आवडीनं, म्हणजे शिंप्याच्या बिनलग्नाच्या मुलीनं, ह्यांचं नाव घेतलं. असं करता करता चार इकडं, चार तिकडं. कालिंदीचं स्वतःचं त्यात धरून.

आणि कालिंदीनं हाक मारली, "सौ. सत्यभामा."

मी इकडंतिकडं बघतेय, कोण ही सत्यभामा. कुणी उठेना. सासूबाईंनी कोपर मारलं तेव्हा ध्यानात आलं, ती मीच. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं माझं नाव, त्या दिवसापासून घरात कुणी उच्चारलेलंच नव्हतं. हे मला 'ऐकलंस का' म्हणतात. तेव्हा सासरी माझं नाव पहिल्यांदा हाक म्हणून कुणी घेतलं, तर कालिंदीनं. त्याचाही मला राग आला, बरं का. म्हणजे हेही तिनंच करायचं.

मी उभी राहिले. आणि बघा, किती सोपं होतं. रावजी म्हणायचं. ठकूबाईसारखं. कुणी एक शब्द बोललं नसतं. उलट सगळ्या म्हणाल्या असत्या, बिचारी, नवऱ्याचं नाव कसं घेईल, किती मर्यादेची सून. सासूबाई कौतुक करत्या. हे हरते, दुकानात बसते, सहाला घरी येते, आणि रस्त्यात रेघोट्या एकाच खराट्याच्या. देवानं अशी संधी कुणाला देऊ नये हो. माझ्या जिभेवर 'रा' आलेला होता. खिडकीत हे उभे. नेहमी तुळईकडं लागणारी नजर, ती आज माझ्याकडं. शेजारी तुळसा, हात जोडल्यासारखी, करंजाची फांदी धरावी तशी माझा पदर धरून. तरीसुद्धा मी 'रा' म्हटलंच असतं, मी काही फार चांगली बाई नाही…

पण तेवढ्यात कालिंदी काय म्हणाली असेल? अगदी गोड आवाजात, माझी दया येऊन. "वहिनी, तुम्ही संकोच करू नका. तुमच्या वतीनं त्यांचं नाव मी घेते."

मी घेते?

माझ्या वतीनं?

तुम्हाला सांगते, पुढचं मला नीटसं आठवत नाही. वर्ग आठवतो, पांडूचा वासलेला जबडा आठवतो, आणि एक आवाज आठवतो, तो कुणाचा म्हणून मीच वळून बघणार होते. "हरी." उखाणा नाही, पदर नाही, यमक नाही. "हरी. हरी माधव शेटे. माझे यजमान. लिहा."

तुम्हालाही आता सांगूनच टाकलं, अमुक अमुक करून माझाही जीव थकला होता.

सासूबाईंनी दोन्ही कान झाकले. एका दमात स्वतःच्या सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं, दोन्ही नावं ऐकली ना त्यांनी. ठकूबाई म्हणाली, "बया गो." पांडू म्हणाला, "येकदम राइट." आणि कालिंदीनं खाली मान घालून लिहिलं. ह्यांना पाच, रावजीला चार.

तर हे अध्यक्ष झाले. साकव झाला, सागाचे सोट, वर फळ्या, दोन्ही बाजूंना धरायला बांबू. तुळसा पहिल्या दिवशी सहा वेळा नुसतीच इकडून तिकडं गेली. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण दुकान राहिलं सासूबाईंकडं, आणि हे सकाळ-संध्याकाळ ओढ्यावर. सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि हे? त्या दिवशी घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले. मी वाट बघत होते. म्हटलं, आता तरी काहीतरी बोलतील. घास घेतला. घास हातात राहिला. नजर तुळईला लागली. "ऐकलंस का," म्हणाले, "तुझा आवाज काय मोठा आहे गं. तुला रविवारच्या फेरीत सगळ्यांच्या पुढं घोषणा द्यायला उभं करावं," आणि मला क्षणभर, काय सांगू, तूप वाढायचं सुचेना, इतकं बरं वाटलं… "असं कालिंदीताईंनी सुचवलं."

तेव्हापासून मी रविवारी पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, आणि फेरीच्या पुढं ओरडत चालते. मागं खराट्यांच्या रेघोट्या दोन, एकसारख्या, वळणावर एकत्र वळणाऱ्या. मी पुढं असते, म्हणून आता त्या मला दिसतसुद्धा नाहीत.

आयुष्यात एकदा मला भर सभेत उभं करून विचारलं, बाई, तुमचं म्हणणं काय. आणि मी सांगितलं काय, तर ह्यांचं नाव.

आता माझं काही म्हणणं नाही.