शिक्क्याचा फोटो

जुन्या वस्तू पारखणाऱ्याच्या दाराबाहेर घड्याळजी मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बशी घेऊन बसला होता, पण त्याचे कान पुढच्या बाकावर होते. तिथे एक भाऊ-बहीण जपानी फुलदाणी पालथी धरून बुडावरचा शिक्का भावाच्या मोबाइलमधल्या फोटोशी ताडून बघत होते.

"ताई, ही आईची फुलदाणी नाहीच."

"तिच्या कपाटातून मीच काढून आणली."

"तेच म्हणतोय, तूच काढलीस. फोटोत शिडीसारखं अक्षर वर आहे, इथे खाली."

"म्हणजे मी बदलली?"

"मी कुठे म्हणतोय? शिक्का म्हणतोय."

"आई गेल्यापासून तुझं हेच चाललंय. आधी शिलाई मशीन, आता ही."

घड्याळजीला राहवेना. "बाई, फुलदाणी जरा फिरवून धरा. शिक्का उलटा बघताय तुम्ही."

"घे, जुळला. बघ नीट डोळे उघडून."

"जुळला खरा. चुकलं माझं, ताई. चल, आपलाच नंबर आहे."

"थांब. हा फोटो कधी काढलास?"

"असेल जुना."

"फोटोत मागे आईच्या उशाशी मी ठेवलेली औषधं दिसताहेत."

"मग तेव्हाचाच असेल."

"तेव्हा ती सारखं तुझं नाव घेत होती. आणि तुला रजा मिळत नव्हती."

"एकदा उभ्या उभ्या येऊन गेलो. ती झोपली होती, म्हणून उठवलं नाही."

दार उघडलं. "पुढचे कोण?"

बहिणीने फुलदाणी भावाच्या मांडीवर ठेवली.

"जा. इथे तुला कुणाला उठवावं लागणार नाही."