जुलैचा अहवाल

(मिशिगनच्या उत्तर टोकाला, काउंटीच्या रस्ते विभागाची कचेरी. ऑक्टोबर. क्रेग बोड्री विभागप्रमुख. मार्लिस हेकिनन डेटाबेस सांभाळते.)

क्रेग: ...म्हणून डेटाबेसची स्वस्तातली स्टँडर्ड एडिशनच घ्यायची. क्लाउडवर जाताना एंटरप्राइझचं ओझं कशाला? त्यातली महागडी सोय आपण एकही वापरत नाही. काय वापरतो त्याचा अहवालच सांगतोय.

मार्लिस: अहवाल काढलास कधी?

क्रेग: जुलैत. निवांत असतं तेव्हा.

मार्लिस: अरे देवा! जुलैत बर्फ काढणारे ट्रक गॅरेजमध्ये झोपलेले असतात, क्रेग.

क्रेग: त्याचा इथे काय संबंध?

मार्लिस: हिवाळ्यात प्रत्येक ट्रक आपली जागा सारखी कळवतो. नोंदी फुगतात, त्या शोधायच्या सूच्या, म्हणजे इंडेक्स, विस्कटतात, सगळं रांगायला लागतं. मग मी पहाटे इंडेक्स नव्याने बांधते. एंटरप्राइझमध्ये ते चालू कामात होतं, हीच ती महागडी सोय. स्टँडर्डमध्ये तेवढा वेळ नोंदी बंद.

क्रेग: किती वेळ?

मार्लिस: अर्धा-पाऊण तास. नकाशावरचे ट्रकांचे ठिपके जिथल्या तिथे.

क्रेग: पहाटे नकाशा बघतंय कोण?

मार्लिस: ट्रक पहाटेच निघतात, बाबा.

क्रेग: काउंटीचं बोर्ड मला फाडून खाईल. आज दुपारी बैठक आहे, आणि मी स्टँडर्ड सांगून बसलोय.

मार्लिस: मग सगळंच एंटरप्राइझ नको घेऊस. पगार, परवाने, रस्त्यावर टाकायच्या मिठाचा साठा टाक स्टँडर्डवर. फक्त ट्रकांचा डेटाबेस वेगळा काढ, त्याला एंटरप्राइझ दे.

क्रेग: आणि विचारलं, पाऊण तासात असं काय आभाळ कोसळतं?

मार्लिस: बहुतेक दिवशी काहीच नाही. पण फेब्रुवारीत आमच्या रेनोचा ठिपका थांबला होता.

क्रेग: तुझा भाऊ ट्रकसकट खड्ड्यात गेला तेव्हा?

मार्लिस: हो. बाकीचे ठिपके हलत होते, त्याचा हलेना, म्हणून कळलं. माणसं पोचली तर ट्रक आडवा, आणि हा मेला आत डब्यातली मटणाची पेस्टी खात बसलेला! मी इकडे रडून अर्धी झाले होते. सगळेच ठिपके थिजले असते, तर कोण थांबलंय ते कसं कळलं असतं?

क्रेग: आणि बोर्ड तरीही नाही म्हणालं तर?

मार्लिस: तर तेवढा वेळ मी रेनोशी फोनवर बोलत बसेन.

क्रेग: त्या जंगलात फोन लागतो?

मार्लिस: नाही लागत.

क्रेग: कोट घे. बोर्डापुढे हे तूच सांग. मी मध्ये तोंड घातलं तर मला गप्प कर.