चार पावलं

हॅलो?… हो, सुलोचनाच बोलून राह्यली. बोल ना रक्षा.

नाई, झोपली नोती. चार वाजले, आता कोण झोपते?… आवाज बरा आहे माझा. गॅसवर चहा ठेवला आहे, म्हून लांबून येत असन.

हो… हो… वर्धेच्या पिपरीचं महिला मंडळ, रविवारी. तू अध्यक्षीण झाली तेव्हापासून एक तरी रविवार रिकामा सोडला का आमचा?… विषय तोच? जुन्या प्रेमकादंबऱ्यांतल्या खंबीर नायिका… पत्रिकेत माझं नाव छापूनही टाकलं? अवं, मले विचाराचं तरी होतं.

नाई रक्षा. मी येत नाई… तब्येत ठीक आहे… गाडीचं काय, देवळीहून वर्धेले दिवसभर गाड्या आहेत… भाव नाई खाऊन राह्यली, ऐक ना. मले ते भाषण आता जमत नाई. दुसरी कोणी पाय.

काही नाई झालं.

… बरं, झालं. काल आमच्या आकांक्षाले पाह्याले पाहुणे आलते. आर्वीचे. बंडूजीनं आणलं स्थळ. पोरगा दुर्गेश, बँकेत आहे… हो, दिसाले चांगला आहे.

आली ना पसंती. आज सकाळीच आली. साक्षगंध पुढच्या महिन्यात करू म्हणतात.

नको ना वं अभिनंदन करू… रडत नाई मी… थांब, गॅस बंद करते.

हं. आकांक्षाचा पाय तुले माहीत आहे. स्कूटीवरून पडली, रॉड टाकला, तेव्हापासून डावा पाय ओढते… हो, जरासाच. सावंगीले लॅबमध्ये दिवसभर उभी राहून काम करते, कोणाच्या ध्यानातही येत नाई. अन् आम्ही लपवलं नोतं बरं. बंडूजीले आधीच सांगतलं होतं, त्यायनं तिकडं सांगतलं होतं. सगळ्यायले माहीत होतं.

तरी पोहे खाता खाता पोराचे मोठे काका म्हणाले, पोरीले जरा दारापर्यंत चालून दाखवा म्हणा.

हो, सगळ्यायसमोर. आठ जण होते बैठकीत… पोरगा? तो बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून राह्यला होता.

अन् रक्षा, तिनं माझ्याकडे पाह्यलं.

… नको विचारू मी काय म्हटलं.

मी म्हटलं, चाल ना माय, चार पावलं तर आहेत.

हॅलो? आहेस ना?

चालली ना. दारापर्यंत गेली, वापस आली, खुर्चीवर बसली. साडी मीच खाली सोडून नेसवली होती, पाय दिसू नये म्हून. काका म्हणाले, एवढं काही नाई, चालते. अन् मी हसली. मी हसली वं. पोहे घ्या ना आणखी, म्हटलं त्यायले.

आकांक्षाच्या बाबाले दोष नको देऊ. ते उठाले लागलते. मीच डोळ्यानं दाबलं त्यायले, बसा म्हून.

रिवाज आहे, माहीत आहे. मलेही चालवलं होतं ना, सासरच्या आत्याबाईनं. केस सोडून पाह्यले होते. कसं लागते ते मले ठाऊक होतं, अन् तरी पोरीले उठवलं.

आता तूच सांग, पाच वर्षं झाली, मी माईकसमोर उभी राहून सांगते, का त्या कादंबरीतली नायिका भर बैठकीतून उठते अन् म्हणते, माझा होकार मी अजून दिलेला नाही. बायका डोळे पुसतात. तूही पुसते. पण त्याच पानावर तिची आई आहे. दोनच ओळी आहेत तिले. आतून म्हणते, बस खाली, लोक काय म्हणतील… हो, तीच. मी तिची नक्कल करते, बारीक आवाज काढून. सगळा हॉल हसते.

तुझा फोन येईनच म्हून आज सकाळी पुस्तक काढलं. त्या दोन ओळीवर आली अन् पुढं वाचल्याच गेलं नाई. ती बाई मीच आहे, रक्षा. इतकी वर्षं मी आपली समजत होती का मी नायिकेच्या बाजूची आहे. लाज वाटते वं. कालपासून आरशात पाह्याची लाज वाटते.

नाई, समजूत नको काढू. पोरीच्या चांगल्यासाठी केलं, हे मी स्वतःले शंभर वेळा सांगतलं. चांगल्यासाठी नाई केलं. ती एकोणतीसची झाली, हेही स्थळ वापस जाईन, या भेवानं केलं.

आता पाच वाजता बंडूजी येतात, उत्तर घ्याले. हे चौकात पेढे आणाले गेले… नाई, मी नाई म्हणणार आहे. बंडूजीच्या तोंडावर सांगन, आमची पोरगी त्या घरी द्याची नाई…

काय?

… ऐकू आलं मले. आकांक्षा काय म्हणते, हेच विचारलं ना तू.

नाई विचारलं.

पसंती आली तेवढं सांगतलं. तर बरं म्हणाली… अवं कसं विचारू? तिच्याकडे पाह्यल्या जात नाई मले… रागात असती तर बरं झालं असतं. सकाळी उठून मले चहा करून दिला तिनं.

… खरं आहे तुझं. काल तिले न विचारता चालवलं, आज तिले न विचारता नाई म्हणाले निघाली. तेही माझ्याच मनाले बरं वाटावं म्हून… नको, माफी नको मागू, खरं तेच बोलली तू.

घरीच आहे. मागच्या खोलीत ॲप्रनले इस्त्री करून राह्यली… आताच? अवं, हे येऊ दे ना पेढे घेऊन, मंग… हो. हो. बरं.

आकांक्षा… काही नाई, रक्षामावशीचा फोन आहे. नाई, तू नको येऊ. राहा तिथंच, मीच येते. मले तुले एक विचाराचं आहे.

ऐकलं ना रक्षा? आता जाणं भाग आहे… तू ठेव फोन. नाई, तूच ठेव. माझ्याच्यानं ठेवल्या जात नाई, मी इथंच उभी राहीन.

ठेव ना माय.

हॅलो?… रक्षा?