जकात नाक्याजवळचा बायकांचा कट्टा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष हंबीरराव आबा, पाहुणे म्हणून लाभलेले प्रांतसाहेब, उपनगराध्यक्ष नानासो, ज्यांच्यासाठी ही शाल आणि हा नारळ आणलाय ते आपले मुख्याधिकारी सायरेसाहेब, समोर सतरंजीवर बसलेले सभासद, व्यापारी आणि तालमीतली मंडळी, आणि मागं लिंबाखाली उभ्या असलेल्या माझ्या आयाबहिणींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. नगरपालिकेत मी एकटीच बाई मेंबर, आणि घरी पिठाची गिरणी. मालक लष्करात होते, बासष्टच्या लढाईत गेले, तेव्हापासून गिरणी मीच चालवते. पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय झालीय. तेव्हा आवाज चढला तर कुणी राग धरू नये. आबा, तुम्ही तर मुळीच नाही.

सायरेसाहेब वऱ्हाडातून इथं आले तेव्हा त्यांचं बोलणं आम्हाला कळेना आणि आमचं त्यांना. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, "बाई, या गावात करमणुकीची काय सोय आहे?" मी म्हटलं, "पुरुषांना तालीम आहे, जत्रेत कुस्त्यांचं मैदान आहे, चावडीपुढं पार आहे." साहेब म्हणाले, "आणि बायांना?" मी म्हटलं, "माझी गिरणी आहे की!" साहेब हसले. मी काही हसण्यावारी बोलले नव्हते. दळण होऊन डबा भरला तरी बायका माझ्या दारात रेंगाळतात, ते काय पीठ आवडतं म्हणून?

आता आपल्याकडं बजेट कसं व्हायचं, ते प्रांतसाहेबांना ठाऊक नसेल. थंडी सरत आली की आबांच्या मळ्यात हुरडा. सगळे मेंबर बैलगाडीनं जायचे. आगटीभोवती बसून कोवळी कणसं भाजायची, चटणी, गूळ, दही, आबांचं घर म्हणजे कशाला कमी नाही. हुरडा खाता खाता कुणी म्हणायचं, औंदा तालमीचं दूध वाढवा. कुणी म्हणायचं, जत्रेतलं बक्षीस मोठं करा. हातावरचा भुसा फुंकता फुंकता बजेट ठरायचं. मग सभागृहात वाचायचं आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून उठायचं. मीही मेंबरच, मलाही बोलावणं असायचं. पण मी आत वहिनीसाहेबांजवळ चटणीच्या पाट्यापाशी, आणि बजेट बाहेर आगटीपाशी. चटणी मात्र सगळ्यांनी वाखाणली, खोटं कशाला सांगू?

सायरेसाहेब हुरड्याला आले. पोटभर खाल्लाही. आणि दुसऱ्या दिवशी गावात दवंडी दिली की, बजेट मांडायच्या आधी प्रत्येक वॉर्डात सभा होणार आणि काय पाहिजे ते लोकांनी सांगायचं. आबा, तुमचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी अजून विसरले नाही. पण तुम्ही अडवलं नाहीत. का अडवायचं? लोक काय बोलणार, हे तुम्हाला ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. साहेबांनी विचारावं, "बोला, काय पाहिजे?" आणि लोकांनी म्हणावं, "तुमी द्याल ते, साहेब." दुसऱ्या वॉर्डात, "आबा म्हनतील तसं." साहेब घामाघूम. आमच्या वॉर्डाची सभा संपत आली, हारतुरे झाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "आमाला बसायला जागा पायजे."

मुक्ताबाई. त्या बघा, लिंबाच्या खोडाला टेकल्यात. डोक्यावर पदर घेतलेल्या.

सगळी सभा हसली. त्यांचे सासरे आकारामभाऊ पुढंच बसले होते, ते तर मान वळवून बघायलाही तयार नाहीत. साहेबांनी विचारलं, "कसली जागा, बाई?" मुक्ताबाई म्हणाल्या, "नदीवर जातो तर धुनं असतंय. गिरनीत जातो तर दळन असतंय. हातात काय न्हाई आन् कुणी हाक मारत न्हाई, आशी घटकाभर बसायला जागा. दुसरं काय नगो." एवढं बोलल्या आणि शेजारच्या बनुबाईंनी त्यांचा हात धरला. बनुबाई बौद्ध वस्तीतल्या. त्या दोघींची ओळखही माझ्या दारातलीच.

साहेबांनी ते बजेटात घातलं. करमणुकीच्या खात्यात, तालमीच्या खाली, 'महिलांसाठी बसण्याची जागा'. आणि सभागृहात ते मंजूर झालं! आबा, तुम्हीच केलंत, नाही कशाला म्हणू? बंद पडलेल्या जकात नाक्याशेजारी, या लिंबापुढं, चांगला प्रशस्त दगडी कट्टा झाला. तोच हा. ज्यावर आज या खुर्च्या मांडल्यात.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्या झाडलोट करायला आलो होतो. झाडून झालं, सडा घातला, रांगोळीच्या रेघा आखल्या. मग मुक्ताबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि चढून बसल्या. पाय खाली सोडून. शेजारी बनुबाई बसल्या. मग मी बसले. मग मुक्ताबाई एकदम हसायला लागल्या. कशाला हसताय म्हटलं, तर म्हणाल्या, "काय न्हाई वो, बरं वाटतंय." दिवेलागणीपर्यंत बसलो. आयुष्यात मला असं कधी वाटलं नव्हतं, आणि ते मला इथं सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पाहुणे घरी आले तर आपण त्यांना उभं ठेवतो का? मुक्ताबाईंनी स्वतःच्या घरची नवी घोंगडी आणली. स्वतःच्या हातानं या कट्ट्यावर अंथरली आणि म्हणाल्या, "बसा." आबा बसले. नानासो बसले. आकारामभाऊ बसले. आम्ही पोहे केले होते, ते दिले. चहा दिला. फीत कापली, फोटो झाला. सगळे वाखाणत होते की जागा मोठी हवेशीर आहे.

झालं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकारामभाऊ आले, त्याच जागी बसले. त्यांच्यामागं त्यांचे सोबती आले. आता सासरा कट्ट्यावर असताना सून वर चढून बसेल का? आपल्यात बसते का? थोरले दीर समोर असताना कुणाची भावजय पाय सोडून बसलीय? मुक्ताबाई आल्या, लिंबाखाली उभ्या राहिल्या आणि घरी गेल्या.

साहेब मात्र पेटले. पाटी लावली, 'केवळ महिलांसाठी'. त्या पाटीच्या खिळ्याला दुसऱ्या दिवसापासून आकारामभाऊंची छत्री लटकायला लागली. साहेब स्वतः आले उठवायला. तर भाऊ म्हणाले, "या की साहेब, बसा. आरं, च्या सांगा रं साहेबास्नी." आणि वाईट कुणी बोललंच नाही हो! वाईट बोलले असते तर भांडता आलं असतं. मी असते ना पुढं! साहेब आमच्याकडं वळले, म्हणाले, "तुम्ही तरी बोला. जागा तुमची आहे." तर मुक्ताबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या साहेब. म्हाताऱ्या मानसास्नी उठवायचं बरं दिसत न्हाई." साहेबांनी कपाळाला हात लावला. "काय करावं बाप्पा!" म्हणाले. आणि तेही कट्ट्यावर टेकले. दमले होते. चहा घेतला.

त्या दिवसापासून मी साहेबांना मोठ्यानं हसताना बघितलं नाही. बजेटाचं कलम त्यांना बदलता आलं, आगटीवरनं ते वॉर्डाच्या सभेत आणता आलं. पुढं काय करायचं ते त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नाही. रात्रंदिवस विचार करते, चरफडते, दोन-चारदा गिऱ्हाइकांवर उगाच खेकसलेय. कळत नाही.

साहेबांची बदली का झाली, ते मला विचारू नका. 'प्रशासकीय कारण' असं आलंय, तेच मी वाचून दाखवते. नवे साहेब परवा येतायत. भले गृहस्थ आहेत, असं कानावर आलंय. आणि कालच आबांच्या गड्यानं निरोप आणला की हुरडा तयार आहे, सगळ्या मेंबरांनी यावं. वॉर्डांच्या सभेचा काही निरोप नाही. आबा, मी येईन. चटणी करायला कुणीतरी लागेलच.

साहेब, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल बायकांच्या वतीनं मी तुमचे आभार मानते. त्यांनी तुमच्या घरी द्यायला शेंगांची चटणी पाठवलीय, डबा गिरणीत ठेवलाय. इथं पुढं येऊन द्यायला कुणी तयार होईना. व्यासपीठावर थोरली माणसं आहेत ना. वहिनींना आमचा नमस्कार सांगा. मंडळींनी एवढा वेळ ऐकून घेतलं, तुमचेही उपकार. काही अधिक-उणं बोलले असेन तर मनात ठेवू नका, गिरणीवर येऊन तोंडावर बोला. दळण आणलंत तर बरंच.

भाषण झालं की आपल्या जागेवर जाऊन बसायचं असतं. साहेब, ती कडेची रिकामी खुर्ची तुम्ही माझ्यासाठी ठेवायला लावलीत, ते मी आल्याआल्याच बघितलं. तुम्ही मघापासून तिच्याकडं बघताय, तेही बघितलं. पण तिच्या शेजारी नानासो बसलेत. ते माझे थोरले दीर. मोठे सज्जन आहेत, 'बैस' म्हणतीलसुद्धा. त्यांच्यासमोर एवढं बोलायची सवय मला गिरणीनं लावली. बसायची कुणी लावली नाही.

तुम्ही रागावू नका, साहेब. मी तिकडं लिंबाखाली मुक्ताबाईंजवळ जाऊन उभी राहते.