बेचाळीस गुडघे

(टोपावरचं झाकण पडतं, फरशीवर गरगरत जाऊन थांबतं.)

करुणा : झाकण पाडून विषय बदलू नका, आई. अर्जावर एका दिवसात बेचाळीस सह्या? मला महिन्याभरात नऊ मिळाल्या.

येसूबाई : तू शिकलेली बोलतेस, सूनबाय. मी वाडीतली बोलते.

करुणा : सखारामआजोबांनी दोनदा सही केलीय.

येसूबाई : दोन गुडघे हायत त्यांना.

करुणा : गुडघे?

येसूबाई : सगळ्यांना म्हटलं, दुखण्याचा डॉक्टर येनार हाय. कुठलं दुखणं ता कोनी विचारलान नाय. जो तो आपला गुडघा दाखवत सुटला.

करुणा : आई! अर्ज व्यसनमुक्तीच्या डॉक्टरचा आहे. आठवड्यातून एकदा आरोग्य केंद्रात बसावा, नशेत सापडलेल्या पोरांना पोलिसांत न देता औषध मिळावं. यात गुडघा कुठून आला?

येसूबाई : तू हसतेस गो!

करुणा : हसू येतंच आहे. पण उद्या ग्रामसभेत सरपंच अर्ज मोठ्याने वाचणार. सगळे उठून म्हणतील, फसवलं. अर्ज केराच्या टोपलीत. मग रितेशभावजींना घरी आणायचं कसं?

येसूबाई : खरं सांगितलं तर विचारतील, येसूला एवढा पुळका कशाला?

करुणा : तेही सांगायचं.

येसूबाई : काय सांगू? माझा धाकटा पुण्याला नोकरीला नाय, गर्द ओढतो, पोलिसांच्या भीतीने पाली गावात खोली घेऊन लपलाय? नोकरीचे पेढे वाटलेत मी!

करुणा : एकदाच ना.

येसूबाई : बढतीचे पन वाटले.

करुणा : बढतीसुद्धा तुम्हीच दिलीत?

येसूबाई : दोन वर्षं झाली की नाय? किती दिवस एकाच पगारावर ठेवायचा पोराला!

करुणा : अहो आई...

येसूबाई : आन तो कागद इकडं.

करुणा : फाडू नका!

येसूबाई : फाडत नाय. परत घरोघर जाते. सांगते, माझा रितेश नशेनं आजारी हाय, त्याच्यासाठी डॉक्टर पायजे. ज्याला सही खोडायची त्यानं खोडावी.

करुणा : सगळ्यांनीच खोडली तर?

येसूबाई : मैना नाय खोडायची. तिच्या नातवाचं पन तसंच, मला ठाऊक हाय. नळावर ती माझ्याकडं बघत नाय, मी तिच्याकडं बघत नाय. आज आधी तिच्याकडंच जाते.

करुणा : थांबा, मीपण येते. आरोही, पाटी ठेव बाळा, चप्पल घाल.

आरोही : मम्मी, काका आजारी आहे?

करुणा : हो गं.

आरोही : खूप?

करुणा : औषधाने बरा होईल.

आरोही : मला ताप आला की तू रात्रभर माझ्याजवळ झोपतेस ना?

करुणा : झोपते की.

आरोही : मग पालीला काकाजवळ कोण झोपतं?