खिडकीवरचा टॉवेल

आमच्या मामांसोबत प्रवास केलाय का कुणी? करू नका. फौजेतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी स्टेशन आलं की मामा अजून चढाईलाच निघतात. आमच्या स्टेशनाबाहेर शिराळ्याची एकच बस रेल्वेची वाट बघत उभी असते. ती चुकली की संध्याकाळपर्यंत बसा. म्हणून परवा रेल्वे पुरती थांबायच्या आत मामांनी उडी टाकली आणि पळत जाऊन बसच्या खिडकीतून सीटवर टॉवेल टाकला. ते बघून मागची सगळी गर्दी पळाली. कुणी रुमाल टाकला, कुणी टोपी, एकानं तर चप्पल टाकली.

आत जाऊन बघतो तर मामांच्या टॉवेलवर एक फेटेवाले आजोबा बसलेले.

"आवं पावनं, टॉवेल दिसला न्हाई व्हय?"

"दिसला की. लय मऊ हाय."

झालं. मामा आजोबांना सरकवून खिडकीशी घुसले आणि दोघंही खिडकीची दांडी धरून त्याच सीटवर भांडायला लागले. तेवढ्यात बसच्या खालून आवाज आला, "वर हालू नका रं. मी चाक काढलंय."

मी खाली वाकून विचारलं, "मेस्त्री, शिराळ्याची कवा सुटणार?"

"ती व्हय? ती पलीकडनं आत्ताच गेली की. मोकळीच गेली."

सगळे आपापले रुमाल उचलून गुपचूप उतरले. मामा मात्र हलेनात, आणि आजोबाही.

"मामा, उतरा की आता."

"तू हो फुडं. मी उठलो की ह्यो खिडकीला सरकतोय."